प्रार्थना बंद ठेवण्यास सांगितले गेले तर: पुण्यातील लहान धर्मसमुदायांसाठी मार्गदर्शन

पुण्यातल्या लहान धर्मसमुदायांना सरकारी निर्बंधाची पहिली ओळख बहुधा तोंडी होते. भाड्याच्या खोलीत रविवारची प्रार्थना चालू असते, शेजारचे कोणीतरी ११२ क्रमांकावर फोन करते, बीट मार्शल येतात आणि ‘तूर्त बंद ठेवा, साहेबांना येऊन भेटा’ असे सांगून जातात. पुढच्या आठवड्यात जागामालक घाबरतो, त्यापुढच्या आठवड्यात माणसे येईनाशी होतात, आणि एकही लेखी आदेश न निघता, एकाही कलमाचा उल्लेख न होता, एक उपासनास्थळ बंद पडते. हे मार्गदर्शन अशा वेळी काय करावे याविषयी आहे. निर्बंध घालणाऱ्या अधिकाऱ्याला तो कोणत्या कायद्याने, कोणाच्या अधिकारात आणि किती काळासाठी घातला आहे हे सांगावे लागते. ते कागदावर मिळवणे, तो कागद नीट वाचणे आणि त्याला कागदानेच उत्तर देणे, एवढ्यावर पुढचे सारे उभे आहे.

आधार कशाचा

संविधानाचा अनुच्छेद २५ सर्व व्यक्तींना धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या त्याच्या मर्यादा आहेत. अनुच्छेद २६ धर्मसंप्रदायांना संस्था चालवण्याचा, धर्मविषयक बाबींची व्यवस्था स्वतः पाहण्याचा आणि मालमत्ता बाळगण्याचा हक्क देतो. हे हक्क मिळण्यासाठी अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित असण्याची गरज नाही. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन असे सहा समुदाय आहेत. यहुदी समाजाला महाराष्ट्राने अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली, म्हणजे कॅम्पातले लाल देऊळ (यहुद्यांचे प्रार्थनास्थळ) बांधून जवळपास दीडशे वर्षे झाल्यानंतर. पण त्याआधीही तिथली उपासना घटनेच्या संरक्षणाखालीच होत होती. बहाई किंवा अन्य एखादा समुदाय यादीत नसला, तरी अनुच्छेद २५ त्याला तितकाच लागू आहे. दर्जाचा संबंध शिष्यवृत्ती, शैक्षणिक संस्था आणि आयोगाकडील दाद यांच्याशी येतो.

प्रत्येक समुदायाच्या कार्यकारिणीला एक निकाल माहीत असावा असे मला मनापासून वाटते: बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, ऑगस्ट १९८६. यहोवाचे साक्षीदार या पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे ते गात नसत, म्हणून जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. शिक्षण खात्याने आपल्या परिपत्रकांचा आधार सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूलभूत हक्कावर मर्यादा घालायची तर ती कायद्यानेच घालता येते आणि ज्या परिपत्रकाला कायद्याचे पाठबळ नाही ते त्यासाठी पुरेसे नाही. मुलांना शाळेत परत घेण्यात आले. देशातील अत्यंत लहान पंथांपैकी एका पंथातील तीन मुलांनी हा निकाल मिळवला आहे, आणि ‘वरून सूचना आहेत’ असे सांगितले जाते तेव्हा विचारायचा प्रश्न तोच आहे: सूचना कोणत्या कायद्याखाली आहेत?

आधी हद्द ठरवा

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की महिना जातो. पोलिसांच्या दृष्टीने जिल्ह्यात तीन यंत्रणा आहेत: पुणे शहर आयुक्तालय, १५ ऑगस्ट २०१८ पासूनचे पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि ग्रामीण भागासाठी पोलीस अधीक्षक. बांधकामाच्या दृष्टीने दोन महानगरपालिका, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन छावणी मंडळे, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि ग्रामपंचायती अशी वेगळीच विभागणी आहे. डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी ज्या देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्या छावणी भागात बंदोबस्ताचा अर्ज पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे आणि बांधकामाचा छावणी मंडळाकडे जातो. गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्षाने घेतलेली हरकत हा सरकारी निर्बंध नव्हे. तो उपविधींचा वाद आहे आणि तो सहकार खात्याच्या उपनिबंधकांपुढे चालतो. पोलीस आणि संस्था यांची एकच तक्रार करून दोन्ही विषय गुंतवू नयेत.

तोंडी सूचनेला लेखी पत्र

स्वतःच्या घरात किंवा खासगी जागेत, ध्वनिक्षेपकाशिवाय, चार लोकांनी जमून प्रार्थना करण्यासाठी पोलिसांची पूर्वपरवानगी घ्यावी असे सांगणारा सर्वसाधारण कायदा नाही. तरीही कर्मचारी दारात उभे असताना त्यांच्याशी वाद घालू नये आणि अंगाने अडथळा तर कधीच करू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७२ नुसार पोलिसांच्या कायदेशीर सूचनांचे पालन करणे बंधनकारक आहे आणि न करणाऱ्याला ते ताब्यात घेऊ शकतात. सूचना कायदेशीर होती की नव्हती याचा निवाडा रस्त्यावर होत नाही. त्या दिवशी आलेल्यांची नावे, गणवेशावरील नामपट्टी, वाहनाचा क्रमांक, वेळ आणि नेमके शब्द वहीत लिहून ठेवावेत, उपस्थितांपैकी दोघांनी त्याखाली सही करावी, आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे पत्र द्यावे. मजकूर साधारण असा असावा:

‘दि. … रोजी सायंकाळी … वाजता आपल्या पोलीस ठाण्याच्या कर्मचाऱ्यांनी … येथील आमची साप्ताहिक प्रार्थना बंद ठेवण्याबाबत तोंडी सूचना दिली. सदर प्रार्थना खासगी जागेत, ध्वनिक्षेपकाविना होते व तिला सुमारे … व्यक्ती उपस्थित असतात. ही सूचना कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमान्वये, कोणत्या अधिकाऱ्याच्या आदेशाने व किती कालावधीसाठी देण्यात आली आहे, हे कृपया लेखी कळवावे. आमची प्रार्थना यापुढेही शांततेने होईल. तीत अडथळा आणला जाण्याची शक्यता असल्याने योग्य तो बंदोबस्त मिळावा, ही विनंती.’

या पत्रात राग नसावा, इतिहास नसावा आणि दुसऱ्या धर्माच्या उत्सवांशी तुलना तर मुळीच नसावी. शेवटचे वाक्य मात्र गाळू नये. त्या वाक्यामुळे तुम्ही तक्रारीचा विषय न राहता संरक्षण मागणारे नागरिक होता, आणि पुढे काही घडले तर पोलिसांना आधी कळवले होते याचा पुरावा तयार राहतो. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात, आवक विभागात दिनांक, शिक्का आणि आवक क्रमांक यांसह पोच घ्यावी. पोच नाकारली गेली तर तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, पोलीस ठाण्याला आणि त्याची प्रत परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पाठवावी. माझ्या पाहण्यात अशी अनेक प्रकरणे या एका पत्रावरच शांत झाली आहेत, कारण तोंडी सांगणे सोपे असते आणि खाली सही करून तेच लिहिणे अवघड असते.

‘येऊन भेटा’ या निरोपाचेही असेच आहे. चौकशीत साक्षीदार म्हणून बोलवायचे तर याच संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश हवा, आणि महिला, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील व्यक्ती, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. वृद्ध पाळक किंवा मौलाना यांना ठाण्यात तासन्‌तास बाकावर बसवून ठेवले जात असेल, तर ही तरतूद नम्रपणे दाखवावी. जे जातील त्यांनी एकट्याने जाऊ नये आणि आत जाण्याची व बाहेर पडण्याची वेळ लिहून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या निकालानुसार पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही असणे आणि त्याचे चित्रण किमान वर्षभर जपणे आवश्यक आहे. गैरवर्तन झाले तर त्या वेळेचे चित्रण राखून ठेवण्याची मागणी लगेच लेखी करावी.

कधी कधी उपासकांची नावे, पत्ते आणि मूळ धर्म यांची यादी मागितली जाते. यादी द्यायची घाई करू नये. गुन्ह्याच्या तपासासाठी कागदपत्र हवे असेल तर याच संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश काढता येतो. तो आला तर वकिलाला दाखवून त्याचे पालन करावे. केवळ माहितीसाठी मागणी असेल, तर विश्वस्तांची नावे आणि संपर्क देणे पुरेसे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्येच म्हटले आहे की कोणत्याही व्यक्तीला आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन करू शकत नाही. विश्वासाने तुमच्याकडे येणाऱ्या माणसाचे नाव ही तुमच्याकडची ठेव आहे; तिचा सांभाळ करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

नोटीस आली तर

सणासुदीच्या आधी किंवा तक्रारीनंतर येणारी सर्वांत परिचित नोटीस पूर्वी ‘१४९ ची’ म्हणून ओळखली जाई. १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली निघते. तिची भाषा ठरलेली असते: कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास सर्वस्वी जबाबदार धरण्यात येईल आणि सदरची नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल. हे वाचून अनेक जण सभा रद्द करतात. वास्तविक हे कलम दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) रोखण्याचे पोलिसांचे कर्तव्य सांगते. प्रार्थनेवर बंदी घालण्याचा वेगळा अधिकार ते देत नाही. नोटीस घ्यावी, ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही, लेखी उत्तर देत आहे’ असा शेरा मारून सही करावी, आणि दोन दिवसांत उत्तर द्यावे. उत्तरात विचारावे की कोणता दखलपात्र गुन्हा आमच्याकडून घडण्याची भीती आहे. आणि भीती इतरांकडून असेल तर त्यांना नोटीस दिली आहे काय.

हा दुसरा प्रश्न कायद्याच्या गाभ्याचा आहे. वाराणसीच्या दोषीपुरा मोहल्ल्यातील शिया समाजाच्या प्रकरणात, गुलाम अब्बास विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, १९८१, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मनाई आदेशाचा अधिकार हक्क बजावणाऱ्याच्या मदतीसाठी आणि त्यात अडथळा आणणाऱ्याच्या विरोधात वापरला गेला पाहिजे. शांततेने प्रार्थना करणाऱ्याला घरी पाठवून गोंधळ घालण्याची धमकी देणाऱ्याला मोकळे सोडणे म्हणजे धमकीला बक्षीस देणे होय. चालू उपासनेत हेतुपुरस्सर व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे, उपासनास्थळाची विटंबना कलम २९८ खाली आणि दफनभूमीत बेकायदा प्रवेश करून अवमान करणे कलम ३०१ खाली. तक्रार नोंदवून घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवावी आणि तिथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. कलमे लक्षात ठेवण्याची आवश्यकता नाही. घटनेचे वर्णन अचूक असले पाहिजे.

जमावबंदीचे आदेश दोन प्रकारचे असतात आणि दोघांनाही मुदत असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील, म्हणजे पूर्वीच्या १४४ खालील आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकत नाही. फक्त राज्य शासन तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालील मनाई शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे जात नाही. असा आदेश तुमच्यावर लागू केला जात असेल तर त्याची प्रत मागावी. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालानुसार १४४ खालील आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि त्यांत कारणे असली पाहिजेत. आदेश बदलावा किंवा मागे घ्यावा यासाठी ज्याने तो काढला त्याच्याकडेच अर्ज करता येतो आणि अर्जदाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते.

भोंगा आणि भिंत

काही निर्बंध सर्वांना समान आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते; रात्री १० ते सकाळी ६ तो खुल्या जागेत वापरता येत नाही; निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपक हा धर्माचा आवश्यक भाग नाही हे चर्च ऑफ गॉड प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितले. त्यामुळे या मुद्द्यावर भांडण्यात शक्ती घालवू नये. अर्ज वेळेत करावा आणि नाकारला गेला तर नकाराचे कारण लेखी घ्यावे. नियम एकाच समुदायाला लावला जात असेल, तर समान वागणुकीची मागणी अनुच्छेद १४ खाली करावी. पण ती करण्यापूर्वी स्वतःची परवानगी फायलीत असावी.

बांधकामाची बाजू अधिक नाजूक आहे, कारण इथे आपलीच कागदपत्रे अपुरी असण्याची शक्यता मोठी असते. सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि मोकळ्या जागांवर नवे धार्मिक बांधकाम होऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, आणि जुन्या बांधकामांची महाराष्ट्रात मे २०११ च्या शासन निर्णयाने नियमित करण्याजोगी, हटवण्याजोगी आणि स्थलांतरित करण्याजोगी अशी अ, ब, क वर्गवारी ठरली. आपले स्थळ कोणत्या वर्गात आहे हे आजच विचारून घ्यावे. कारवाईच्या दिवशी विचारून उपयोग नाही. खासगी जागेवरील बांधकामासाठी १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फार महत्त्वाचा आहे: पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह अंतिम आदेश आणि त्यानंतर आणखी १५ दिवसांचा अवधी. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग किंवा नदीलगतच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. नोटीस आल्याबरोबर मिळकत कराच्या पावत्या, वीजदेयके, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि जुनी छायाचित्रे एकत्र करून सुनावणीत लेखी म्हणणे द्यावे.

घर आधी सावरलेले असावे

जो समुदाय नोंदणीकृत आहे त्याच्याशी अधिकारी वेगळ्या भाषेत बोलतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत धर्मादाय कार्यालयाकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि हाच अर्ज सर्वाधिक राहून जातो. मग कारवाईच्या वेळी दफ्तरी नाव दिवंगत विश्वस्ताचे निघते आणि सही करायला कायदेशीर माणूसच उरत नाही. स्थावर मालमत्ता विकताना, किंवा इमारत व बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देताना, कलम ३६ खाली पूर्वमंजुरी लागते. हिशेब तपासणी दरवर्षी वेळेत व्हावी. हा कायदा शासनाला न्यासाच्या धर्मात शिरू देत नाही: रतिलाल पानाचंद गांधी प्रकरणात १९५४ साली, जैन आणि पारशी विश्वस्तांच्या दाव्यांवर, सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराच भाग वैध ठरवला, पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद त्या मर्यादेपर्यंत रद्द केली.

वक्फ संस्थांसाठी १९९५ चा कायदा आणि २०२५ ची दुरुस्ती लागू आहे. दुरुस्तीतील काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम स्थगिती दिली आहे, त्यामुळे मुतवल्लींनी (वक्फाच्या व्यवस्थापकांनी) मूळ मजकुरासोबत तो आदेशही वाचावा. परदेशी देणगी एक रुपयाची असली तरी विदेशी अंशदान अधिनियम, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारू नये आणि ती फक्त नवी दिल्लीतील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी. या बाबतीत एक चूकही संस्थेला फार महागात पडते.

उत्तरच आले नाही तर

पत्राला महिनाभरात उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. ‘आमच्या अर्जावर काय कारवाई केली’ असे मोघम न विचारता, ‘आवक क्रमांक … वरील टिपणीची आणि स्टेशन डायरीतील दि. … च्या नोंदीची प्रत द्यावी’ असे मागावे. तीस दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करावे. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे होते.

राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार करण्यास वकील लागत नाही. आयोगाची शिफारस बंधनकारक नसते, तरी त्याने मागवलेला अहवाल पोलीस ठाण्याला लिहावाच लागतो आणि त्या अहवालातील वाक्ये पुढे न्यायालयात कामी येतात. मानवी हक्क आयोगाकडे मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत गेले पाहिजे. तातडीचा विषय असेल, म्हणजे उपासनास्थळाला टाळे लागले असेल किंवा सण तोंडावर असेल, तर अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका हा मार्ग आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे सातारा, सांगली आणि सोलापूर गेले, पुणे जिल्हा मुंबईच्याच मुख्य पीठाकडे आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, म्हणून अर्जदारांपैकी एक तशी व्यक्ती असणे उपयोगाचे ठरते. वकिलाकडे जाताना न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, जागेची कागदपत्रे, पोच असलेली सर्व पत्रे तारखेच्या क्रमाने, आणि पहिल्या दिवशी वहीत केलेली ती नोंद, दोघांच्या सह्यांसह, मूळ स्वरूपात न्यावी.